आरोपीचा वकील : हक्क की उपचार?

एखाद्या भीषण गुन्ह्याचा आरोपी न्यायालयापुढे उभा राहिला आणि त्याच्या बचावासाठी सरकारी खर्चाने वकील नेमल्याचे प्रसिद्ध झाले, की सुशिक्षित समाजातही एक प्रश्न हटकून विचारला जातो. ज्याने निरपराध माणसांचे प्राण घेतले, त्याच्या बचावासाठी आम्ही भरलेल्या करांतून पैसा का खर्च व्हावा? याउलट, एखाद्या आरोपीने देऊ केलेला वकील नाकारून 'माझी बाजू मीच मांडतो' असे न्यायाधीशांना सांगितले, तर त्याच समाजाला काहीसे हायसे वाटते. त्यालाच वकील नको आहे, तर तो त्याच्या गळ्यात कशाला बांधावा, असे म्हणून आपण वर्तमानपत्राचे पान उलटतो. या दोन्ही प्रतिक्रिया स्वाभाविक आहेत. परंतु दोहोंच्या मुळाशी एकच चूक आहे, असे आम्हांस वाटते. वकील देणे म्हणजे आरोपीवर केलेला उपकार होय, असे त्या गृहीत धरतात. वस्तुतः तो उपकार नव्हे. माणसाचा प्राण अथवा त्याचे उभे आयुष्य हिरावून घेण्याचा अधिकार ज्या राज्याने स्वतःकडे घेतला आहे, त्या राज्याने आपल्या हातून चूक होऊ नये म्हणून घेतलेली ती खबरदारी आहे. ही खबरदारी आपण कितपत मनापासून घेतो, याचा विचार करण्याची वेळ आली आहे.

प्रथम कायदा काय म्हणतो ते पाहू. आपल्या घटनेच्या २२ व्या अनुच्छेदाने अटक झालेल्या प्रत्येक व्यक्तीला आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेण्याचा व त्याच्याकरवी बचाव करण्याचा हक्क दिला आहे. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने ३९क हा अनुच्छेद घालून, दारिद्र्यामुळे कोणी न्यायाला वंचित होऊ नये यासाठी विनामूल्य कायदेसाहाय्य देण्याचे कर्तव्य राज्यावर सोपविले. महाराष्ट्रातूनच गेलेल्या होसकोट प्रकरणात १९७८ मध्ये, आणि बिहारमधील कच्च्या कैद्यांच्या हुसैनारा खातून प्रकरणात १९७९ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने हे साहाय्य म्हणजे जीविताच्या मूलभूत हक्काचाच भाग होय, असे ठरविले. पुढे १९८६ मध्ये त्याच न्यायालयाने आणखी एक पाऊल टाकले. आरोपीने वकील मागितला नाही एवढ्यावरून न्यायाधीशांची सुटका होत नाही. असा हक्क तुला आहे, हे त्याला सांगणे हेही न्यायालयाचेच काम आहे, असा तो निर्णय होता. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ३४१ व्या कलमाने तर या कर्तव्याची कक्षा विस्तृत केली आहे. जुन्या संहितेत सत्र न्यायालयातील खटल्यापुरते जे बंधन होते, ते आता कोणत्याही न्यायालयातील खटल्याला आणि अपिलालाही लागू झाले आहे.

कागदावर याहून अधिक काय हवे? आणि तरीही दोन प्रश्न उरतातच. ज्याला वकील नको आहे, त्याचे काय करावयाचे? आणि ज्याला वकील दिला आहे, त्याला खरोखरच वकील मिळाला आहे काय?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर महाराष्ट्राने एकदा मोठ्या अभिमानाने दिलेले आहे. जुलै १९०८ मध्ये लोकमान्य टिळकांवर मुंबईच्या उच्च न्यायालयात राजद्रोहाचा खटला चालला, तेव्हा त्यांनी आपली बाजू स्वतःच मांडली. त्यांचे भाषण दिवसामागून दिवस चालले. त्याचे एकूण तास एकवीस भरले. आपल्या मराठी लेखांतील शब्दांची भाषांतरे कशी विपर्यस्त झाली आहेत, हे त्यांनी सरकारी भाषांतरकाराच्या उलटतपासणीत दाखवून दिले. लेख ज्याने लिहिले त्याच्याखेरीज त्यांतील शब्दांचा अर्थ अधिक अधिकाराने कोण सांगणार होता? न्यायासनावर न्या. दावर होते, १८९७ च्या खटल्यात टिळकांच्या जामिनासाठी ज्यांनी वकिली केली, तेच हे दावर. ज्यूरीत सात युरोपियन व दोन पारशी गृहस्थ होते. सात विरुद्ध दोन अशा मतांनी टिळक दोषी ठरले आणि सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा घेऊन मंडालेस गेले.

या प्रसंगाचा मराठी मनाला वाटणारा अभिमान सार्थ आहे. पण त्यापासून नेमका कोणता धडा घ्यावयाचा, हे तपासून पाहिले पाहिजे. टिळक हे कायद्याचे पदवीधर होते. कायद्याचे वर्ग त्यांनी चालविले होते. इंग्रजीवर त्यांचे प्रभुत्व होते. आणि मुख्य म्हणजे त्यांना केवळ सुटावयाचे नव्हते, देशाला काही सांगावयाचे होते. न्यायालय हे त्यांनी सभास्थान केले, ते जाणूनबुजून. मात्र याच टिळकांकडून १९१६ मध्ये सरकारने चांगल्या वर्तणुकीबद्दल जामीन मागितला, तेव्हा त्यांनी आपली बाजू बॅरिस्टर जिनांकडे सोपविली, आणि नोव्हेंबर १९१६ मध्ये उच्च न्यायालयाने तो हुकूम रद्द केला. ही दोन्ही प्रकरणे तंतोतंत सारखी नव्हेत, काळही बदलला होता, हे आम्ही जाणतो. तथापि एकवीस तास स्वतः बोलू शकणाऱ्या माणसालाही पुढे वकील देणे शहाणपणाचे वाटले, ही गोष्ट विसरण्याजोगी नाही.

दुसरा प्रसंग अधिक कटू आहे, पण तो टाळून चालणार नाही. गांधीहत्येच्या खटल्याचे अपील १९४९ मध्ये सिमल्यास पूर्व पंजाबच्या उच्च न्यायालयापुढे चालले. नथुराम गोडसे याने वकील न घेता स्वतः युक्तिवाद केला. खुनाबद्दलच्या शिक्षेविरुद्ध त्याची तक्रारच नव्हती. कट नव्हता एवढेच त्याला म्हणावयाचे होते, आणि त्या निमित्ताने आपली मतेही सांगावयाची होती. त्याची फाशी कायम झाली. त्याच खटल्यात शंकर किस्तय्या नावाचा एक गरीब घरगडी आरोपी होता. लाल किल्ल्यातील विशेष न्यायालयाने त्याला जन्मठेपेची शिक्षा दिली होती. वकील देण्याची त्याची ऐपत नव्हती. म्हणून त्याच्यासाठी सरकारी खर्चाने वकील देण्यात आला. उच्च न्यायालयाने त्याला निर्दोष सोडले. गोडसे वकील घेता तर सुटला असता, असे कोणीही म्हणणार नाही. त्याचा गुन्हा उघड होता व अक्षम्य होता. मुद्दा निराळाच आहे. राष्ट्रपित्याच्या हत्येने देश होरपळत असताना, त्या नव्या प्रजासत्ताकाची घटनाही अजून अमलात आलेली नसताना, एका निरक्षरप्राय नोकराला सरकारने वकील दिला आणि न्यायाधीशांनी त्याचे म्हणणे वेगळे करून ऐकले. संतापाच्या लाटेत तो माणूस वाहून गेला नाही, याचे कारण ती व्यवस्था होय.

या दोन प्रसंगांवरून एक भेद स्पष्ट होतो. स्वतःची बाजू स्वतः मांडण्याचा आग्रह धरणारे आरोपी बहुधा असे असतात, की ज्यांना सुटकेपेक्षा काही सांगण्याची अधिक निकड असते. २०२२ मध्ये दिल्लीच्या विशेष न्यायालयात यासिन मलिक याने न्यायमित्र नेमलेला असतानाही आरोप लढविण्यास नकार देऊन ते कबूल केले, आणि त्याला जन्मठेप झाली. अशा आरोपीला बोलू देण्यास आमची हरकत नाही. न्यायासनापुढे उभ्या राहिलेल्या माणसाचे तोंड बळेच बंद करून, त्याला मान्य नसलेला माणूस त्याच्या नावाने बोलू लागला, तर तो बचाव न राहता सोंग होईल. परंतु आपल्या तुरुंगांतील बहुसंख्य आरोपी या जातीचे नाहीत. २०२२ च्या अखेरीस देशातील तुरुंगांत ५,७३,२२० बंदी होते. त्यांपैकी ४,३४,३०२, म्हणजे शंभरातील जवळजवळ शहात्तर, अद्याप दोषी न ठरलेले कच्चे कैदी होते. दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाने २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, फाशीची शिक्षा झालेल्या कैद्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश आर्थिक दृष्ट्या दुर्बल होते. या माणसांना जगाला कोणताही संदेश द्यावयाचा नसतो. समोर काय चालले आहे, हे त्यांना कोणी तरी समजावून सांगावयास हवे असते.

अशा माणसाने 'मला वकील नको' म्हटले, तर त्याचा अर्थ काय समजावा? अमेरिकेतील अनुभव येथे उद्‌बोधक आहे. फ्लॉरिडा राज्यात १९६१ मध्ये गिडियन नावाच्या एका निर्धन माणसाने चोरीच्या आरोपात वकील मागितला. तो मिळाला नाही. त्याने होईल तसा स्वतःचा बचाव केला आणि पाच वर्षांसाठी तुरुंगात गेला. तुरुंगातून त्याने पेन्सिलीने अर्ज खरडून तेथील सर्वोच्च न्यायालयाकडे धाडला. १९६३ मध्ये त्या न्यायालयाने ठरविले, की गंभीर गुन्ह्याच्या खटल्यात गरिबाला वकील देणे राज्याला बंधनकारक आहे. फेरसुनावणीत वकील मिळाला, साक्षीदाराची नीट उलटतपासणी झाली आणि गिडियन सुटला. माणूस तोच, आरोप तोच. फरक काय तो वकिलाचा. त्याच न्यायालयाने पुढे १९७५ मध्ये फॅरेटा खटल्यात, समजून उमजून वकील नाकारण्याचा हक्कही मान्य केला. पण 'समजून उमजून' हे शब्द महत्त्वाचे आहेत. आपण काय नाकारीत आहोत याची जाणीव नसताना दिलेला नकार हा नकार नव्हे, ते अज्ञान होय.

आणि हे अज्ञान काही आरोपीचा गुन्हा नव्हे. सुशिक्षित वाचकाने स्वतःला त्या पिंजऱ्यात उभे करून पाहावे. साक्षीदार साक्ष देऊन बसला आहे. पोलिसांपुढील त्याच्या पूर्वीच्या जबाबात आणि आताच्या साक्षीत फरक पडला आहे. तो दाखवून द्यावयाचा, तर आधीचा नेमका भाग त्याच्यापुढे ठेवून, विशिष्ट रीतीने तो नोंदवून घ्यावा लागतो. तसे न केले, तर तो फरक असून नसल्यासारखा. पंचनाम्यावरील वेळ, जप्त केलेल्या वस्तूंवरील मोहरा, रासायनिक पृथक्करणाचा अहवाल, ओळखपरेडीतील दोष, यांतील प्रत्येक दुवा त्या त्या वेळी हाताळला नाही, तर तो पुन्हा हाती येत नाही. शिवाय आणखी एक धोका असतो. स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती कोणावरही करता येत नाही, असे घटनेचा २० वा अनुच्छेद सांगतो. पण जो आरोपी स्वतःच प्रश्न विचारू लागतो, तो प्रत्येक प्रश्नागणिक आपल्या मौनाचे संरक्षण गमावीत जातो. 'तू मला तेथे पाहिलेस तेव्हा अंधार होता ना?' असे त्याने साक्षीदारास विचारले, की तो तेथे होता हे त्याने स्वतःच सांगितल्यासारखे होते. वर्गात फळ्यासमोर उभे केलेल्या घाबऱ्या मुलाला येत असलेले उत्तरही आठवत नाही, हे ज्यांनी कधी शिकविण्याचे काम केले आहे ते जाणतात. येथे तर चुकीच्या उत्तराला फाशीची शिक्षा आहे.

मग वकील दिला म्हणजे प्रश्न सुटला काय? दुर्दैवाने तसेही नाही, आणि आमच्या मते खरे दुखणे येथेच आहे.

मध्य प्रदेशात खांडवा येथे २०१३ मध्ये एका नऊ वर्षांच्या बालिकेवर अत्याचार होऊन तिचा खून झाला. देशात त्या वेळी दिल्लीतील निर्भया प्रकरणाचा क्षोभ ताजा होता. १९ फेब्रुवारी २०१३ रोजी आरोपीसाठी वकील नेमण्यात आला. त्याच दिवशी दोषारोपही निश्चित करण्यात आले. ४ मार्च रोजी निकाल लागला व आरोपीला फाशी झाली. दोन आठवड्यांत न्याय झाला, म्हणून त्या वेळी किती समाधान व्यक्त झाले असेल याची कल्पना करता येते. परंतु आरोपीला नेमणुकीच्या दिवशी भेटलेला वकील कागदपत्रे केव्हा वाचणार, अशिलाशी केव्हा बोलणार, आणि बचाव तो कसला करणार? डिसेंबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा रद्द करून खटला पुन्हा चालविण्याचा आदेश दिला. फेरखटल्यात पुन्हा फाशी झाली. प्रकरण पुन्हा खाली आले. आणि २०२४ मध्ये तोच आरोपी निर्दोष सुटला. अकरा वर्षे तो तुरुंगात होता.

दिल्लीत डिसेंबर १९९७ मध्ये एका बसमध्ये झालेल्या बाँबस्फोटाची कथा याहून वेगळी नाही. त्यात चार माणसे मृत्यू पावली. आरोपी परदेशी नागरिक होता. त्याला फाशी झाली, उच्च न्यायालयाने ती कायमही केली. सर्वोच्च न्यायालयात २०१२ मध्ये असे उघड झाले, की पासष्टांपैकी छप्पन्न साक्षीदारांची उलटतपासणी झालेलीच नव्हती, कारण त्या वेळी आरोपीच्या बाजूने वकीलच हजर नव्हता. दोषसिद्धी रद्द झाली. फेरखटल्यात, पंधरा वर्षे उलटून गेल्यावर, तो स्फोटाच्या आरोपांतून मुक्त झाला.

'गुन्हेगारांचे लाड' अशी ज्यांची तक्रार असते, त्यांना आम्ही येथे एकच प्रश्न विचारू इच्छितो. खांडव्याच्या त्या बालिकेच्या आईबापांच्या हाती अकरा वर्षांनंतर काय राहिले? बसमध्ये दगावलेल्या चौघांच्या आप्तांना काय मिळाले? आरोपी खरोखर निर्दोष असेल, तर खरा गुन्हेगार मोकळा राहिला, आणि एवढ्या वर्षांनी त्याचा माग लागण्याची आशाही नाही. आरोपी दोषी असेल, तर पहिल्याच खटल्यात नीट बचाव न झाल्यामुळे त्याचा दोष कायमचा संशयात बुडाला. दोन्हीकडून तोटा झाला तो पीडितांचा. आरोपीच्या वकिलावर जे चार पैसे वाचविले, ते पीडितांच्या न्यायातून वाचविले, असाच याचा अर्थ होतो. घाईने बांधलेली भिंत पहिल्या पावसात कोसळते, तसे हे निकाल कोसळले.

याच्या उलट उदाहरण आमच्याच शहराचे आहे, आणि त्यात आमच्या लाजेचा व अभिमानाचा असे दोन्ही भाग आहेत. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात मुंबईने १६६ माणसे गमावली. जिवंत पकडला गेलेला एकमेव हल्लेखोर अजमल कसाब याचे वकीलपत्र कोणीही घेऊ नये, असा ठराव शहरातील वकिलांच्या एका संघटनेने केला. मार्च २००९ मध्ये न्यायालयाने ज्या वकीलबाईंची नेमणूक केली, त्यांच्या घरावर जमावाने दगडफेक केली. हितसंबंधांच्या कारणावरून त्यांची नेमणूक पुढे रद्द झाली. दुसरे वकील नेमले गेले. नोव्हेंबर २००९ मध्ये त्यांनाही दूर करून त्यांच्या सहायकाकडे काम सोपवावे लागले. म्हणजे हा खटलाही काही निर्दोष चालला असे नव्हे. पण न्या. ताहिलियानी यांनी मूळ सूत्र हातचे सोडले नाही. जुलै २००९ मध्ये आरोपी भर न्यायालयात उठून कबुली देऊ लागला, तेव्हाही त्या कबुलीवर खटला संपविण्याचा मोह त्यांनी टाळला. ती नोंदवून घेतली व पुरावा पुढे चालू ठेवला. ३ मे २०१० रोजी कसाब दोषी ठरला. त्याच दिवशी त्याच्यासह खटला चाललेले दोन भारतीय आरोपी पुराव्याअभावी निर्दोष सुटले, आणि ती निर्दोषता सर्वोच्च न्यायालयापर्यंत टिकली. त्या दोघांपैकी एकाचे वकील शाहिद आझमी यांचा निकालापूर्वीच, ११ फेब्रुवारी २०१० रोजी, कुर्ल्यातील त्यांच्या कार्यालयात गोळ्या घालून खून झाला होता. आपल्या अशिलाची सुटका पाहण्यास ते राहिले नाहीत. संपूर्ण शहर ज्यांच्यावर डोळे वटारून बसले होते, त्यांच्यातील दोषी कोण व निर्दोष कोण हे निवडून दाखविण्याचे काम बचावाच्या वकिलांनी केले. आणि त्याची किंमत त्यांच्यापैकी एकाने प्राणांनी चुकविली.

सर्वोच्च न्यायालयात कसाबच्या बाजूने राजू रामचंद्रन यांनी न्यायमित्र म्हणून युक्तिवाद केला. आरोपीला प्रारंभी वकील मिळाला नाही, हा आक्षेपही त्यांनी हातचे न राखता मांडला. न्यायालयाने तो विस्ताराने तपासला. सुरुवातीला भारतीय वकील घेण्यास आरोपीनेच नकार दिला होता आणि खटल्याच्या वेळी त्याला वकील मिळाला होता, हे पाहून न्यायालयाने तो फेटाळला. त्याबरोबरच, पुढे आणल्या जाणाऱ्या प्रत्येक आरोपीस वकिलाच्या हक्काची जाणीव द्यावी, असे देशभरातील दंडाधिकाऱ्यांना बजावले. हा निकाल २९ ऑगस्ट २०१२ चा. दिल्लीच्या बसस्फोटाचा खटला पुन्हा चालवावा, हा आदेश त्याच न्यायालयाने दिला तो ३१ ऑगस्ट २०१२ रोजी. दोन दिवसांच्या अंतराने आलेले हे दोन निकाल शेजारी शेजारी ठेवून वाचावेत. एका खटल्यात ज्याच्या अपराधाचे चित्र सर्व जगाने पाहिले होते त्यालाही वकील दिला गेला, आणि निकाल अभेद्य राहिला. दुसऱ्यात वकिलाविना घाई झाली, आणि निकाल धुळीस मिळाला. कसाबच्या बचावावर झालेला खर्च ज्यांना उधळपट्टी वाटला, त्यांनी हा हिशेब करून पाहावा.

नव्या संहितेमुळे या प्रश्नाला आणखी एक धार आली आहे. तिच्या ३५६ व्या कलमान्वये, फरारी म्हणून घोषित झालेल्या आरोपीवर त्याच्या गैरहजेरीत खटला चालवून निकाल देता येईल. त्याचा वकील नसेल, तर सरकारी खर्चाने दिला जाईल. परदेशांत दडून बसणाऱ्या आरोपींचा विचार करता या तरतुदीमागील हेतू आम्हांस समजतो. पण ज्याने आपल्या अशिलाचे तोंडही पाहिले नाही, ज्याला त्याच्याकडून एक शब्दही कळलेला नाही, अशा वकिलाने बचाव करावा कसा? येथे नेमलेला वकील जर केवळ हजेरीपुरता असेल, तर साऱ्या खटल्याची किंमत हजेरीपटावरील एका सहीएवढीच राहील.

यास्तव काय व्हावे? आमच्या मते चार गोष्टी अगत्याच्या आहेत. पहिली अशी, की वकील नाकारण्याचा आरोपीचा हक्क मान्य करावा. परंतु ज्या गुन्ह्याला फाशी वा जन्मठेप आहे, तेथे त्या नकारामागे समज आहे की निराशा, भीती वा अज्ञान, हे न्यायाधीशांनी स्वतः प्रश्न विचारून, त्याच्या भाषेत, पडताळून नोंदवावे. आणि नकार कायम राहिला, तरी त्याच्या जागी नव्हे तर त्याच्या शेजारी एक न्यायमित्र बसवावा. बोलणारा आरोपीच राहील. पण पुराव्यातील जे छिद्र त्याला दिसणार नाही, ते न्यायालयाच्या नजरेस आणणारा कोणी तरी तेथे असेल. दुसरी गोष्ट, सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये खांडवा प्रकरणातच घालून दिलेले दंडक अक्षरशः पाळावेत. अशा गंभीर खटल्यांत दहा वर्षांहून कमी अनुभवाचा वकील नेमू नये, तयारीसाठी सर्वसाधारणतः किमान सात दिवस द्यावेत आणि आरोपीला भेटण्याची सोय करावी, असे ते आहेत. एका बालिकेच्या खुनाच्या प्रकरणातून निघालेले हे नियम पुढच्या प्रकरणात विस्मृतीत जाऊ नयेत.

तिसरी गोष्ट पैशाची. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या २०२२ च्या योजनेनुसार जिल्ह्याजिल्ह्यांत पूर्णवेळ बचाव वकिलांची कार्यालये सुरू झाली; महाराष्ट्रात त्यांना लोक अभिरक्षक कार्यालय म्हणतात. खासगी वकिलीत जाता जाता हातावेगळे करावयाचे काम म्हणून गरिबाच्या खटल्याकडे पाहण्याची रीत त्यामुळे मोडेल, अशी आशा आहे. पण सरकारी वकिलाच्या पाठीशी पोलीस, प्रयोगशाळा व तज्ज्ञ असे सारे सैन्य उभे असताना, लोक अभिरक्षकाच्या हाती केवळ एक फाईल राहिली, तर ही झुंज बरोबरीची होणार नाही. त्यालाही तज्ज्ञाचे मत घेण्याची, घटनास्थळ पाहण्याची, साक्षीदार शोधण्याची साधने हवीत. चौथी गोष्ट वकिलांच्या संघटनांची. अमक्याचे वकीलपत्र घेऊ नये असे ठराव बेकायदेशीर आहेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये स्पष्ट केले आहे. तरीही प्रत्येक क्षोभकारक गुन्ह्यानंतर अशा ठरावांची भाषा कानी येतेच. वैद्य रोग्याचे चारित्र्य पाहून औषध देत नाही. मग कायद्याच्या पंडितांनीच हा धर्म का सोडावा?

उरली ती आपली, वाचकांची जबाबदारी. आपण न्यायालयात नसतो, पण न्यायालयाबाहेरची हवा आपणच तापवितो. 'ताबडतोब फाशी' ही मागणी आपल्याच दिवाणखान्यांतून उठते, आणि तिच्या दडपणाखाली कुठेतरी एक न्यायाधीश वकिलाची नेमणूक व दोषारोप एकाच दिवशी उरकतो. पुढे दहा-अकरा वर्षांनी तो निकाल कोसळतो, तेव्हा आपण ती बातमी आतल्या पानावर वाचतो आणि न्यायालयांना बोल लावतो. या दोषात आपला वाटा किती, याचा विचार आपण करीत नाही.

शंकर किस्तय्याला वकील देताना त्या वेळच्या सरकारला कोणी फारसे धन्यवाद दिले नसतील. आज सहा-सात दशकांहून अधिक काळ लोटल्यावर, त्या भयंकर खटल्याकडे मागे वळून पाहताना, निदान एका निर्दोष माणसाला आपण जन्मठेपेत सडविले नाही, एवढे तरी समाधान आपल्याला आहे. आज चाललेल्या खटल्यांबद्दल आणखी सत्तर वर्षांनी हेच समाधान आपल्या नातवंडांना लाभावे असे वाटत असेल, तर ज्याचे तोंड पाहण्याचीही आपली इच्छा नाही, त्याच्या शेजारी एक चांगला, तयारीचा, निर्भय वकील उभा आहे की नाही, हे आपण आजच विचारले पाहिजे.